कुऱ्हाड आणि बिनवासाचा सिरका

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही सरितानं आणून दिली. म्हणाली, तुम्ही बोलत नाही तर निदान लिहा तरी. बोलत नाही हे काही खरं नाही, कुणी विचारलं की मी उत्तर देतो. पण वहीचा कागद जाड आहे, वाया कशाला घालवायचा, म्हणून सुरुवात करतो.

जुलैत चिकलठाण्याच्या कंपनीतून निवृत्त झालो. टूलरूममध्ये हत्यारांना पाणी द्यायचं काम होतं, म्हणजे पोलाद तापवून तेलात बुडवायचं आणि कडक करायचं. सरिता शेंद्र्याच्या शाळेत शिक्षिका आहे, तिची नोकरी अजून बाकी आहे. सकाळी ती गेली की सिडकोतल्या या घरात मी एकटाच असतो. मुलगी मंजुषा पुण्याला, बँकेत. जावई सुयशही तिथंच.

आज सत्यम आला होता. माझ्याबरोबर कामाला असलेल्या तात्यासाहेबांचा मुलगा. वेरूळच्या पुढं डोंगराकडेला त्यानं तंबूंचा कॅम्प टाकलाय. मुंबई-पुण्याची माणसं लेणी बघून तिथं मुक्कामाला येतात. त्यांच्यासाठी त्यानं कुऱ्हाडफेक सुरू केली आहे. लाकडी फळीवर वर्तुळं काढायची आणि लांबून कुऱ्हाड फेकायची. तिला टॉमाहॉक म्हणतात. पातं लहान, दांडा सरळ, वजन कमी. त्यानं ऑनलाइन मागवलेल्या दाखवल्या, स्टीलच्या ताटासारख्या चकचकीत. पोलाद मऊ, धार दुमडलेली.

"काका, मला अशा पाहिजेत की हातात घेतल्यावर माणसाला वाटलं पाहिजे, आजोबाच्या काळातली आहे," तो म्हणाला.

मी सांगितलं, पातं बिडकीनला घडवून घेता येईल, पाणी मी देतो, आणि वरचा जुना रंग घरीच आंबट पदार्थात बुडवून आणता येतो. सौम्य ॲसिडनं पोलाद करडं-काळं होतं आणि तो थर पुढं गंज धरू देत नाही. सत्यम खूश झाला. जाताना सरिताला म्हणाला, "काकू, काकांना माझं काम आवडलेलं दिसत नाही." मला तर आवडलं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

बिडकीनला सांडू लोहाराकडं गेलो. पूर्वी तो नांगराचे फाळ आणि विळे करायचा, आता नव्या कारखान्यांच्या शेडसाठी लोखंडी कोन कापून देतो. घडाईचं काम म्हटल्यावर त्यानं पोराला दुकानात बसवलं आणि स्वतः भट्टी पेटवली. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा घेतला. त्यातून पहिलं पातं दुपारपर्यंत झालं. आकार चांगला आला. दांड्याचं भोक जरा तिरपं होतं, ते त्यानं पुन्हा तापवून सरळ केलं.

पाणी मी दिलं. चुंबक चिकटायचं बंद झालं की पोलाद तयार, मग लगेच तेलात. सांडसी उजव्या हातात नीट बसेना म्हणून डाव्यात धरली. सांडूची सांडसी जुनी आहे, सैल झाली असावी.

चहा पिऊन निघताना सांडू माझ्या पायाकडं बघत होता.

"साहेब, उजवा पाय घासता की तुम्ही."

"चप्पल नवी आहे."

"नवी नाय. एका बाजूनं लई झिजली."

मी बघितलं, झिजली होती खरी. हल्ली चपला एकसारख्या बनवत नाहीत.

संध्याकाळी पातं आमच्या केकच्या ओव्हनमध्ये ठेवून परत गरम केलं, म्हणजे ते फार कडक राहून तुटत नाही. सरिताला ओव्हनचं सांगायचं राहून गेलं. तिनं घरात पाय ठेवताच विचारलं, तेल कशाचं जळतंय. मला काही जळताना दिसलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला प्रयोग फसला.

पातं पॉलिश पेपरनं घासलं, थिनरनं पुसलं, साबणानं धुतलं. बोटाचं तेलही लागू नये म्हणून चिमट्यानं धरलं. किराणा दुकानातलं व्हिनेगर गरम केलं आणि पातं त्यात बुडवलं. दुपारी काढलं तर नुसता फिका करडा रंग, त्यातही डाग. व्हिनेगर नाकाजवळ नेऊन बघितलं. वास अजिबात नाही. पाणीच विकतात लोक.

म्हणून शहागंजला गेलो. तिथं एका जुन्या दुकानात सुटा सिरका मिळतो. दुकानदार बुजुर्ग, म्हणाला, "जनाब, उसाचा आहे, असली." त्यालाही वास नव्हता. मी तसं बोलून दाखवलं तर त्याला वाईट वाटलं. शेजारच्या अत्तराच्या दुकानातून त्यानं एक बाटली आणली आणि माझ्या मनगटावर बोट फिरवलं. "हे तरी येतं का?" तेही भेसळीचंच होतं. पण दोनदा तेच कशाला बोलायचं म्हणून मी छान आहे म्हणालो आणि सिरका घेऊन आलो.

घरी सिरका पातेल्यात उकळत ठेवला. सरिता शाळेतून आली ती नाकाला पदर लावूनच आत शिरली. सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखे लावले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तुम्ही इथं बसलात कसे?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, इतका काही वास नाही. भाकरी थापताना ती म्हणाली, माझी एवढी अडचण होत असेल तर तसं सांगा, वाकड्यात कशाला बोलता. मी वाकड्यात काय बोललो ते शोधतो आहे. सापडलेलं नाही.

सिरक्यातलं पातं जरा बरं आलं. तरी सत्यमला पाहिजे तसं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मंजुषाचा व्हिडिओ कॉल आला. तिला दिवस गेले आहेत. सुयशही शेजारी बसला होता. सरिता रडायला लागली, हसायला लागली, दोन्ही एकदम. मग मोबाइल माझ्याकडं दिला.

मी म्हणालो, "बरं झालं. जपून राहा."

मंजुषा थोडा वेळ बघत राहिली. म्हणाली, "पप्पा, रागावलात का?"

"नाही."

"मग एवढंच?"

मी विचार केला की आणखी काय सांगायचं राहिलं आहे. डॉक्टर कोणते ते विचारलं. तिनं सांगितलं आणि फोन सरिताकडं द्यायला लावला.

नंतर मी बागेपर्यंत चालत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. छाती भरून आली होती. आमच्या म्हातारीचं नाव गोजरबाई. मुलगी झाली तर ते नाव आता चालणार नाही, पण मनात येऊन गेलं. रात्री झोप लागली नाही इतका आनंद झाला. सरिता भिंतीकडं तोंड करून झोपली होती. तिला उठवलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पात्यावर मोहरीची पेस्ट ठिपक्या-ठिपक्यांनी लावली की जिथं लावली तिथं गडद नक्षी उठते. आज तो प्रयोग केला. ठिपके एकसारखे पडेनात. सुरुवातीचे मोठे, पुढं लहान लहान होत गेले. थंडीमुळं बोटं आखडली असावीत. सकाळी शर्टाच्या गुंड्या लावतानाही तसंच झालं, शेवटी टी-शर्ट घातला.

सौम्य पदार्थांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. फरशी धुवायचं ॲसिड पाण्यात घालून वापरणार.

सरितानं आज सांगितलं की शाळेतून रजा काढून ती थोडे दिवस मंजुषाकडं जाणार आहे. म्हणाली, "इथं मला बोलायला भिंतीच आहेत."

मंजुषाला तिची गरज आहेच. मी लगेच मोबाइलवर पुढच्या रविवारची बस बघितली, खिडकीची जागा मिळाली, तिकीट काढून तिला दाखवलं. वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती तिकिटाकडं बघत राहिली.

"इतकी घाई झाली होती होय," ती म्हणाली.

मला समजेना. खिडकीच्या जागा लवकर संपतात.

२६ नोव्हेंबर, बुधवार

ॲसिडनं काम केलं. मागच्या मोरीत प्लास्टिकच्या टबात पाणी घेतलं, त्यात ॲसिड सोडलं. पातं लगेच काळवंडलं. बाहेर काढून घासलं तर खालून गडद, जरा खडबडीत रंग आला, एखाद्या जुन्या तोफेवर असतो तसा. फोटो काढून सत्यमला पाठवला. त्यानं उत्तरात अंगठा पाठवला. बाकीची पाती सांडूनं काल आणून दिली आहेत, तीही अशीच करणार.

मोरीच्या कपाटात माझ्या कानशी, पाने, ड्रिलचे बिट ठेवलेले असतात. सगळ्यांवर तांबूस थर आलाय. एका रात्रीत इतका गंज का चढावा ते बघायला हवं. मोरीचं दार लावूनच ठेवतो, म्हणजे सरिताची कटकट नको.

तिच्या शाळेत आज संविधान दिनाचा कार्यक्रम होता. मुलांनी उद्देशिका पाठ म्हटली म्हणे. ती सांगत होती, मी ऐकत होतो. मध्येच थांबून म्हणाली, "ऐकताय का?" मी म्हणालो, ऐकतोय. मग तिनं पुढचं सांगितलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

दवाखान्यात बसून लिहितो आहे. घडलं तसं लिहून ठेवतो.

काल दुपारी सरितानं घर साफ करायला काढलं. आज तिला पुण्याला निघायचं होतं. मी पुढच्या खोलीत दांडे तासत होतो. तिनं मोरीचं दार उघडलं. टबात मळकं पाणी दिसलं, ते तिनं फरशीवर ओतलं. पाती एका बाजूला ठेवली आणि फरशी स्वच्छ निघावी म्हणून वर ब्लीचिंग पावडर टाकली. टबात ॲसिड होतं हे मी तिला सांगितलं नव्हतं. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन सुटतो. कंपनीत आम्हाला हे शिकवलेलं होतं.

मला तिचा खोकला ऐकू आला. तिला थंडीत खोकला होतो. मी तासत राहिलो. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला तेव्हा उठलो. दारात गेल्यावर डोळे झोंबले. आत पिवळसर धूर होता. ती भिंतीला टेकून खाली बसली होती, तिला श्वास घेता येत नव्हता. दोन्ही हातांनी धरायला गेलो तर उजव्या हाताची पकड बसेना. डाव्या हातानं ओढत अंगणात आणलं. वेळ लागला. लागायला हवा होता त्याहून जास्त लागला.

शेजारच्या लक्ष्मीबाई धावत आल्या, त्या मोठ्यानं रडत होत्या. मी रिक्षा थांबवली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, ॲसिडमध्ये ब्लीचिंग पडलं. ॲसिड घरात कशासाठी. मी सांगितलं, कुऱ्हाडीसाठी. डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी तेच पुन्हा विचारलं आणि मी तेच पुन्हा सांगितलं.

सरिताला ऑक्सिजन लावला आहे. मंजुषा आणि सुयश रात्री पोचले. सरिता झोपेत मास्क काढायचा प्रयत्न करते, म्हणून मी तिचा हात धरून बसलो आहे.

१ डिसेंबर, सोमवार

दवाखान्यानं पोलिसांना कळवलं होतं. अशा केसमध्ये कळवावं लागतं म्हणे. एक महिला हवालदार आल्या. व्हरांड्यात बाकावर बसून त्यांनी माझं म्हणणं लिहून घेतलं.

कुऱ्हाड कशी आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, फेकायची आहे.

त्यांनी पेन थांबवलं. "कुणावर?"

"लाकडावर."

त्यांनी विचारलं, बायको पुण्याला निघाली होती हे खरं का. खरं. किती दिवसांसाठी. ते तिनं सांगितलं नव्हतं. भांडण झालं होतं का. नाही. मोरीचं दार लावून का ठेवत होतात. तिला कळू नये म्हणून, मी म्हणालो. त्यांनी तेही लिहून घेतलं. बायको आत गुदमरत असताना तुम्ही काय करत होतात. दांडा तासत होतो. वास आला नाही? नाही आला.

"साहेब, सगळ्या गल्लीला वास आला," त्या म्हणाल्या. "तुमच्या शेजारणीच्या डोळ्यांना अजून पाणी आहे. तुमच्या डोळ्यांत मात्र काही दिसत नाही."

माझ्या डोळ्यांवर उत्तर काय देणार?

त्या आत सरिताकडं गेल्या, मला बाहेर थांबवलं. मंजुषा आत होती. तिनं नंतर सांगितलं. सरितानं मास्क बाजूला करून सांगितलं की पावडर मीच टाकली, चूक माझी. घरात भांडणं होतात का असं विचारल्यावर म्हणाली, "भांडायला दोघांनी बोलावं लागतं."

हवालदार गेल्या. मग मंजुषानं मला जिन्याशी नेलं.

"पप्पा, खरं सांगा. तुम्हाला माहीत होतं ना आई मोरीत आहे?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, टबात पाणी किती आणि ॲसिड किती. ती ऐकत होती, पण तिला ॲसिडविषयी विचारायचं नव्हतं हे मला जिना उतरताना समजलं. माझी मुलगी मला दुसरंच विचारत होती. मी जिन्यात बसलो. पाय चालेना.

३ डिसेंबर, बुधवार

सरिताचा ऑक्सिजन काढला. आवाज बसलेला आहे, पण छाती साफ होईल म्हणतात.

आज मोठे डॉक्टर आले. वयस्कर, बोलायला सावकाश. त्यांनी सरिताला तपासलं आणि मग वळून माझ्याकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, आता हेही विचारणार. त्यांनी इंजेक्शनसाठी आणलेला स्पिरिटचा बोळा उचलला आणि माझ्या नाकाखाली धरला.

"कशाचा वास आहे?"

"कशाचाच नाही."

"कधीपासून?"

मी सांगितलं, हल्ली सगळं भेसळीचं मिळतं. खोलीत कुणी हसलं नाही. त्यांनी मला दाराबाहेर चालत जाऊन परत यायला सांगितलं. अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटायला लावलं. डावा हात आपटत राहिला, उजवा थोड्या वेळानं मंदावला आणि थांबला. मी बोटांकडं बघत होतो. ती माझी वाटत नव्हती.

"तुमची पापणी फार कमी लवते," ते म्हणाले. "मी आल्यापासून बघतोय. चेहरा हलत नाही. घरात कुणी म्हणालं होतं का, हे फार गप्प झालेत, रागावल्यासारखे दिसतात?"

सरितानं उशीवर मान वळवली. मंजुषा खिडकीशी उभी होती, तिनं तोंडावर हात ठेवला.

मेंदूच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली आहे.

६ डिसेंबर, शनिवार

काल सरिता घरी आली. आज विहारात एकटाच जाऊन मेणबत्ती लावली. काडी पेटवायला वेळ लागला. मागच्या माणसानं न बोलता आपली मेणबत्ती पुढं धरली.

८ डिसेंबर, सोमवार

पार्किन्सन. नाव ऐकलेलं होतं. मला वाटायचं, हात थरथरतात तो आजार. माझे थरथरत नाहीत. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचे थरथरत नाहीत. वास आधी जातो, कधीकधी कित्येक वर्षं आधी. अक्षर लहान होतं, पाय घासतो, चेहरा स्थिर होतो. बरा होत नाही, पण गोळ्यांनी बरंच सावरतं. व्यायाम करा, चाला, मोठ्यानं बोला.

मंजुषानं विचारलं, चेहरा स्थिर म्हणजे आतही काही वाटत नाही का.

"आत सगळं असतं," डॉक्टर म्हणाले. "बाहेर पोचत नाही."

रिक्षानं घरी निघालो. सेव्हन हिलच्या पुलावर गर्दी होती, रिक्षा उभी राहिली. तिथं सरितानं बसलेल्या आवाजात विचारलं, मंजूनं दिवस गेल्याचं सांगितलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं. मी सांगितलं, रात्रभर झोप आली नाही. बागेपर्यंत दोनदा जाऊन आलो. आईच्या नावाचं मनात आलं तेही सांगितलं.

"मग मला का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, दिसलं असेल."

तिनं माझा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. मंजुषा पुढं बघत होती, तिचे खांदे हलत होते. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि गाणं बंद केलं.

१४ डिसेंबर, रविवार

मंजुषा आणि सुयश काल पुण्याला गेले. सरिता गेली नाही. म्हणाली, बाळंतपणाच्या वेळी दोघंही जाऊ. जाताना मंजुषा माझ्यासमोर उभी राहिली, पण जिन्यातलं काही बोलली नाही. मीच सांगितलं, तू विचारलंस ते बरोबर होतं, आईसाठी कुणीतरी विचारायलाच पाहिजे होतं. आणि सांगितलं की मला त्याचं वाईट वाटलं. दोन्ही सांगितलं. ती गळ्यात पडली. माझे हात वर यायला वेळ लागला, तोवर ती थांबली.

सांडू भेटायला आला होता. येताना पेरू आणले. आजाराचं सांगितलं तर म्हणाला, "मला वाटलंच व्हतं काहीतरी हाय, पण तुम्ही चपलेवर ढकललं." मग मोरीत गेला. पाती तिथंच पडलेली होती, सगळी लालभडक गंजलेली. मी म्हणालो, टाकून दे. तो म्हणाला, नाय, उकळा.

ते मी विसरलो होतो. लाल गंज चढलेलं पोलाद साध्या पाण्यात उकळलं की गंज काळा पडतो आणि तसाच धरून राहतो. फक्त जे पातं ॲसिडमध्ये सगळ्यात जास्त राहिलं होतं ते बाजूला काढलं. ॲसिडनं पोलाद आतून ठिसूळ होतं, फेकल्यावर कपची उडून कुणाच्या डोळ्यात जाईल. ते सांडू मोडीत घेऊन गेला.

२१ डिसेंबर, रविवार

गच्चीवर चूल मांडली. पाती सोड्याच्या पाण्यात धुऊन मोठ्या पातेल्यात उकळली. लाल होतं ते पाण्यातच काळं झालं. बाहेर काढून तारेच्या मऊ ब्रशनं घासलं, पुन्हा उकळलं. एका पात्याची कड फिकी राहिली होती, तिला सिरका लावायचा होता. मी विचारलं, आणू का वर. सरिता म्हणाली, आणा, मी आहे.

ती वाऱ्याच्या बाजूला स्टूल टाकून बसली. सिरका तापला की मला सांगायची, आता वास कडक झाला, आच कमी करा. मी कमी करायचो. घासायचं काम बऱ्यापैकी तिनंच केलं. मी धरून ठेवलं.

मध्येच तिनं विचारलं, आत्ता काय वाटतंय. हे ती दिवसातून कितीतरी वेळा विचारते. डॉक्टरांनी सांगितलं आहे. सुरुवातीला मला राग यायचा, तोही मी तिला सांगितला.

मी म्हणालो, "भीती वाटते."

"कशाची?"

"पुढं तुला माझ्या गुंड्या लावाव्या लागतील."

तिनं पातं उन्हात फिरवून बघितलं. म्हणाली, मोरीत माझा श्वास अडकला तेव्हा वाटलं होतं, हा माणूस येणार नाही. आलात तेव्हा तुमचा चेहरा बघून जास्तच भीती वाटली. हे तिनं पहिल्यांदाच सांगितलं. मग म्हणाली, गुंड्यांचं बघू तेव्हा बघू, आता तेल आणा.

पात्यांना तेल लावून ठेवलं. रंग काळा, एकसारखा, कुठं कुठं निळसर. बाकीचं ॲसिड पुरेसं पाणी आणि सोडा घालून ओतून दिलं.

२७ डिसेंबर, शनिवार

गोळ्या लागू पडायला लागल्या आहेत. सकाळी एक गुंडी आपोआप लागली. वास मात्र येणार नाही म्हणतात.

सत्यम कुऱ्हाडी न्यायला आला. कॅम्प वर्षअखेरीला पूर्ण भरलाय. दांडे बसवून ठेवले होते. त्यानं एक हातात घेतली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि नुसता बघत राहिला. त्याला खरंच आवडली होती. सरिता चहा घेऊन आली, ती माझ्या शेजारी बसली. मी सांगितलं, पुढच्या ऑर्डरचं नक्की सांगत नाही, माझा हात कसा राहतो त्यावर आहे. आजाराचं नावही सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, डॉक्टर म्हणाले तसं.

तो कप हातात धरून माझ्याकडं बघत होता. मग जरा घाबरत म्हणाला, "काका, नाराज आहात का माझ्यावर? माझ्याच कामापायी काकूंना..."

"नाही रे. मी खूश आहे. चेहऱ्याकडं बघू नकोस, विचारत जा."

त्यानं थोडा विचार केला. सरिताकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"किती खूश?"

मीही विचार केला.

"लई," मी म्हणालो.